तोंडात बर्फ

डोरिन प्लॅस्केट चिडली की लोकांना हसू फुटायचं. ती मनापासून चिडली तर आणखीच फुटायचं. ईलिंगहून निघणाऱ्या बसचा कंडक्टर तिकीट हातात ठेवायच्या आधी म्हणायचा, "एकदा खेकसा ना माझ्यावर, मिस प्लॅस्केट. दिवस चांगला जाईल." ती म्हणायची, "तिकीट दे आणि पुढे हो." सगळी बस खिदळायची. खाटकाच्या दुकानात रांगेतल्या बायका विचारायच्या, नवरा अजून जिवंत आहे का? डोरिनचं लग्न झालेलंच नव्हतं. ते सांगितलं तरी बायका हसायच्या, कारण तेही तिनं चिडूनच सांगितलेलं असायचं.

ती ग्रिम्सबीच्या मासळीवाल्याची पोर. चौदाव्या वर्षी फिरत्या नाटक कंपनीत शिरली ती राण्या करायच्या म्हणून. विष पिणाऱ्या, मुकुट फेकणाऱ्या, शेवटच्या अंकात पायऱ्यांवर कोसळणाऱ्या राण्या. पण तिचा देह आडवा वाढला आणि आवाज भसाडा निघाला. विशीत तिनं पन्नाशीच्या मावश्या केल्या, तिशीत साठीच्या. मग 'गडबड' चित्रपट सुरू झाले. वर्षाला दोन. इस्पितळातली गडबड, बोटीवरची गडबड, पोलीस चौकीतली गडबड. जागा बदलायची, माणसं तीच. पोस्टरवर वरच्या ओळीत चार नावं मोठ्या अक्षरांत, आणि खाली बाकीचे बारा मुंग्यांसारखे. डोरिन त्या मुंग्यांमधली. तिचं काम ठरलेलं होतं. दार उघडायचं, दोन वाक्यं खेकसायची, मग तोंडावर काहीतरी येऊन आदळायचं. कधी केक, कधी बादलीभर पाणी, एकदा अख्खं बदक.

आणि दर खेपेला शेजारी नवरा म्हणून सेड्रिक ऑटवे.

सेड्रिक बारीक, टक्कल पडलेला, गळ्याची घाटी वरखाली करून हशा मिळवणारा. पूर्वी दोघं एकाच नाटक कंपनीत होते, एका किटलीतला चहा प्यायचे, अरे-तुरे करायचे. तिसऱ्या 'गडबड'मध्ये सेड्रिकला एक मोठं वाक्य मिळालं. तो बोलत असताना मागे उभ्या डोरिननं एक भुवई उचलली. थिएटरात सगळा हशा त्या भुवईला पडला.

"माझा हशा खाल्लास तू," सेड्रिक म्हणाला होता.

"हशा काय तुझ्या बापानं ठेवला होता तिथे? मला दिसला, मी उचलला."

त्या दिवसापासून ती 'मिस प्लॅस्केट' झाली आणि 'तुम्ही' झाली. तिच्या प्रत्येक वाक्यावर सेड्रिकला काहीतरी व्हायला लागलं. खोकला यायचा. बूट करकरायचा. टाय नेमका त्याच क्षणी सरळ करावासा वाटायचा.

आता सतरावी 'गडबड' चालली होती, समुद्रकिनाऱ्यावरची. महिना फेब्रुवारी. स्टुडिओमागच्या कुरणात वाळूचे ट्रक ओतले होते, उघड्या झाडांना कापडी पानं बांधली होती, करपलेल्या गवतावर हिरवा रंग फवारला होता. नट-नट्या पोहण्याच्या कपड्यांत, निळ्या पडलेल्या ओठांवर गुलाबी रंग थापून, ऊन सहन होत नसल्याचं नाटक करत होते.

"हलू नकोस गं राणी," कपडेवाली आयव्ही डोरिनच्या दंडाला रंग लावत म्हणाली. "केवढा काटा आलाय! रंगच बसत नाही."

"थंडीचा नाहीये तो. त्या मेल्याचा आहे."

"कुठल्या मेल्याचा?"

"मेला एकच आहे इथे."

आयव्ही हसली, पण हात चालू ठेवला. "आज त्याच्याकडे बघू नकोस. भाषणाकडे बघ. लँबर्नसाहेब एकदाच घेणार, दुसऱ्यांदा नाही. ऊन उतरत चाललंय. बिघडलं तर भाषण रद्द, त्याऐवजी तू नवऱ्याला नुसती थप्पड मारतेस असं घेतो म्हणालेत."

हे डोरिनला सांगायची गरज नव्हती. सतरा चित्रपटांत तिला पहिल्यांदाच भाषण मिळालं होतं. ती चालवत असलेल्या बोर्डिंगातल्या पाहुण्यांसमोर नवरा पर्सी तिला वॉलरस म्हणतो, तो सुळेवाला लठ्ठ समुद्री प्राणी, आणि ती, नेहमीसारखं खेकसण्याऐवजी, शांतपणे बोलायला लागते. आधी गमतीचं, मग नाही. अर्धं पान. लेखकाच्या हातून चुकून लिहिलं गेलं असेल, पण लिहिलं गेलं होतं. लोक एकदा तरी गप्प बसून तिचं ऐकतील, एवढंच तिला हवं होतं. महिनाभर ती आंघोळीच्या टबात बसून ते म्हणत होती. तेही तोंडात बर्फ धरून.

कारण सगळं बर्फावर अवलंबून होतं. थंडीत बोललं की तोंडातून वाफ निघते, आणि भर उन्हाळ्यातल्या किनाऱ्यावर वाफ दिसून चालत नाही. म्हणून कॅमेरा सुरू व्हायच्या आधी बर्फाची बादली फिरायची. प्रत्येकानं एक तुकडा तोंडात धरायचा, दात बधिर होईपर्यंत चोखायचा आणि हाक आली की थुंकायचा. तोंड गार असेतो वाफ नाही.

"बर्फ!" लँबर्न दिग्दर्शक खुर्चीतून ओरडला. "चला, पोरांनो, उन्हाळा आलाय! मेल्यासारखी तोंडं करू नका!"

डोरिननं तुकडा तोंडात टाकला. समोर सेड्रिक, पट्ट्यापट्ट्यांच्या पोहण्याच्या पोशाखात. या दृश्यात त्याची पाठ कॅमेऱ्याकडे होती, तोंड तिच्याकडे. त्यानं बादलीतून तुकडा घेतला, तिच्या डोळ्यांत बघितलं आणि तो वाळूत सोडला. मग त्यावर पाय ठेवला.

"साहेब!" ती बर्फासकट बोलली. "यानं बर्फ..."

"थुंका! कॅमेरा!"

ती थुंकली.

"वॉलरस," सेड्रिक पात्राच्या आवाजात म्हणाला. "माझी बायको म्हणजे वॉलरस."

डोरिननं सुरुवात केली. "हो रे, पर्सी. बावीस वर्षं वॉलरसनं तुझी अंडी उकडली. मऊ हवीत म्हणालास, मऊ. कडक हवीत म्हणालास, कडक. वॉलरसला स्वतःला अंडी आवडत नाहीत, हे कधी विचारलंस?"

जमत होतं. कॅमेऱ्यामागची माणसं हलायची थांबली होती, ते तिला कातडीवर कळत होतं. आणि मग तिला ती दिसली. सेड्रिकच्या तोंडातून निघणारी वाफ, संथ, भरपूर, तिच्या तोंडासमोरून वर चढत. तो मुद्दाम उसासे टाकत होता. पाठमोरा होता, त्यामुळे तो करतोय हे कुणाला दिसत नव्हतं. दिसणार होती फक्त वाफ, तिच्या चेहऱ्यावर. आणखी एक उसासा, की लँबर्न थांबवणार आणि थप्पड घेणार.

डोरिनच्या उजव्या हातात आइस्क्रीमचा कोन होता. दृश्यासाठी दिलेला. खरं आइस्क्रीम टिकत नाही म्हणून त्यात गुलाबी रंग घातलेला उकडलेल्या बटाट्याचा लगदा होता, सकाळपासून गारठून दगड झालेला.

तिनं तो कोन सेड्रिकच्या तोंडात घातला. पूर्ण. बुडापर्यंत. आणि दुसऱ्या हातानं त्याचं टक्कल धरून ठेवलं.

वाफ थांबली.

"विचारलं नाहीस," ती त्याच शांत आवाजात पुढे म्हणाली, "कारण तुला वाटलं, वॉलरसला आवडीनिवडी नसतात." आणि ती बोलत राहिली. सेड्रिकची घाटी तिच्या मनगटाशी धडपडत होती, डोळे बाहेर आले होते, पण ती एकही शब्द न गाळता शेवटच्या वाक्यापर्यंत गेली. "मला कुणी घर दिलं नाही, पर्सी, म्हणून मी घर चालवलं."

"कट!" लँबर्न उभा राहिला होता. "हेच घ्या! हेच!"

सेड्रिक वाळूत ओणवा होऊन बटाटा ओकत होता. "बाई नाही, हडळ आहे ही! मारलं असतं मला!"

"पुढच्या खेपेला बर्फ चोख," डोरिन म्हणाली.

आयव्हीनं तिच्या खांद्यावर कोट टाकला आणि कानाशी म्हणाली, "राणी, तो दिवेवाला रडत होता गं. खरंच." त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये कंडक्टरनं डोरिनला खेकसायला सांगितलं तेव्हा तिनं त्याच्याकडे बघून नुसती मान हलवली, आणि तो बिचारा गोंधळून पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आदल्या दिवशीचं काम पडद्यावर बघायचे. खालच्या ओळीतल्या नटांना तिथे बोलावत नसत. डोरिन गेली आणि मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. पलीकडच्या कोपऱ्यात सेड्रिक होता, घशाला मफलर गुंडाळून.

पडद्यावर ती बोलायला लागली. खोली शांत झाली. मग कोन आत गेला आणि खोली फुटली. लँबर्न मांडी बडवत होता. कुणीतरी खुर्चीवरून घसरलं. पडद्यावरची डोरिन बोलतच होती, ओठ हलत होते, पण हशाच्या वर एक शब्द येत नव्हता. हसणं संपलं तेव्हा भाषणही संपलं होतं.

"कोनवर कापा," लँबर्न डोळे पुसत म्हणाला. "कोन, सेड्रिकचे डोळे, की पुढचं दृश्य."

"पुढे माझं भाषण आहे," डोरिन मागून म्हणाली.

तो वळला. "तू इथे आहेस होय? अगं, कमाल केलीस! आता पुढच्या प्रत्येक 'गडबड'मध्ये तू याच्या तोंडात काहीतरी कोंबायचं. लोक त्याचीच वाट बघतील."

"भाषण, मिस्टर लँबर्न."

"कुणाला ऐकू येणार ते, डोरिन? आम्हालाच आलं नाही." आणि तो पुन्हा हसायला लागला, कारण ती चिडली होती.

ती बाहेर व्हरांड्यात आली. सेड्रिक मागोमाग आला. सात वर्षांत पहिल्यांदा तो आपणहून तिच्याशी बोलला, घसा खरवडत.

"शेवटचं वाक्य पडलं तुमचं, मिस प्लॅस्केट. घराचं. घाई केलीत. चित्रपटात ठेवलं असतं तरी पडलंच असतं."

डोरिननं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. खोलीतल्या कुणीही ते वाक्य ऐकलं नव्हतं.

"म्हणजे काल सगळं ऐकलंस."

"दुसरं काय करणार होतो? तोंड तर बंद होतं."

"घाई केली नव्हती मी."

"केलीत."

"पुढच्या महिन्यात अठरावी," ती म्हणाली. "तुला खारवलेल्या हेरिंग माशाचा वास सहन होत नाही ना रे? ग्रिम्सबीत गाडीतून उतरून ओकला होतास."

सेड्रिकची घाटी वर गेली आणि तिथेच राहिली. डोरिन सामानवाल्याच्या खोलीकडे चालू लागली. हेरिंग शेपटीसकट हवा, आणि मोठा हवा, हे आजच सांगून ठेवायला हवं होतं.