वहिनीची बॅग आणि खारट खमीर

आमच्या वहिनीने बॅग भरली रे भरली की बरणीतलं खमीर मेलंच म्हणून समजा.

बेकरी आमच्या दादाची, पण नावापुरती. राबायची वहिनी. भट्टीमागच्या खोलीत एकच खिडकी, तीही पिठाच्या पोत्यांनी अडलेली. लग्न होऊन आली ती त्या खोलीचीच झाली. फळीवर खमिराची मोठी बरणी. तिला सकाळ-संध्याकाळ पीठ-पाणी घालावं लागतं, नाहीतर अख्ख्या गावाचा पाव फुगत नाही. आणि ते घालायचं घरच्या सुनेनेच, असं आमच्या आईने ठरवून ठेवलेलं. मी पडले लेक आणि दादा पुरुषमाणूस. आम्ही दोघं आपोआप सुटलो. तुरुंगातल्या माणसालासुद्धा कधीतरी रजा मिळते हो!

वहिनीची लेक परगावी. लेकीने नवीन घर घेतलं तेव्हा वहिनी निघाली, तर खमीर बसलं. लेकीचं ऑपरेशन झालं, पुन्हा तेच. वहिनी काही न बोलता बॅग रिकामी करायची आणि बरणीला जीव आणायला बसायची. दादा हळहळायचा, "तुझं नशीबच असं." गावात तर्कांना नुसता ऊत. शिंपीणबाई म्हणाली, नजर लागते. न्हाव्याने आमच्या मांजरीवर आळ घेतला. ती बिचारी भट्टीच्या उबेला पडलेली, पाव फुगो न फुगो, तिला काय त्याचं!

आता लेकीचे दिवस भरत आले होते. "आई, या वेळी तरी ये ना," म्हणताना तिला फोनवर रडू फुटलं. मी गल्ल्यावर बसून ऐकत होते, माझं डोकंच फिरलं. मागच्या वेळी मी बसलेलं खमीर बोटाने चाखलं होतं. खारट! तेव्हा वाटलं, मिठाचा डबा शेजारीच, घाईत वहिनीचा हात चुकला असेल. मीठ जास्त पडलं की खमीर गप्प होतं, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत. पण दरवेळी निघतानाच कसा हात चुकतो? मनात पाल चुकचुकली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी पीठ मळून झाल्यावर मी मिठाचा डबा रिकामा केला आणि त्यात बारीक साखर भरली. खमिराला साखर म्हणजे मेजवानीच.

सकाळी वहिनी बॅग घेऊन खाली उतरली, तिच्या मागोमाग मी. बघते तर काय! खमीर झाकण उडवून फळीवरून ओघळतंय, मांजर घाबरून कपाटावर चढलीय आणि दादा कोपरापर्यंत बरबटून फडक्याने पुसतोय. जितकं पुसेल तितकं पसरतंय. मला हसू आवरेना.

"काय रे दादा, मीठ गोड निघालं का?"

तो मटकन पोत्यावर बसला. मला वाटलं, आता वहिनी त्याची चांगली खरडपट्टी काढणार. पण तिने नुसतं बोटभर खमीर चाखलं आणि मला म्हणाली, "ताई, साखर तुमचीच ना?"

"म्हणजे मिठाचं तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्याच वेळी चाखलं होतं मी."

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"यांनी बोलावं म्हणून थांबले. दरवेळी."

दादाने मान खाली घातली. "तू एकदा बाहेर पडलीस की परत येणार नाहीस, याची भीती वाटायची गं. या भट्टीत कोण परत येईल? नको ना जाऊस."

वहिनीचे डोळे भरून आले. तिने बॅग खाली ठेवली, खुंटीवरचा ॲप्रन काढला. मी मनात म्हटलं, विरघळली ही, संपलं सगळं! तर तिने तो ॲप्रन दादाच्या गळ्यात अडकवला आणि मागे जाऊन गाठ मारली, चांगली घट्ट.

"हे तुम्ही पहिल्या वेळी म्हणाला असतात ना," ती म्हणाली, "तर आनंदाने राहिले असते."

बस बेकरीसमोरूनच सुटते. दादा दारातून ओरडला, "अगं, पीठ किती घालायचं ते तरी सांग!"

"रोज घाला," ती बसच्या खिडकीतून म्हणाली, "हाताला कळेल."

कधी येणार, हे त्याने विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. दादा आत गेला. थोड्या वेळाने मागच्या खोलीतून पोती ओढल्याचा आवाज यायला लागला म्हणून मी डोकावले. तो खिडकी मोकळी करत होता. म्हणाला, इथे जीव गुदमरतो.