या, या

शेंगाची चटणी कुटल्याचा वास आला की मला माझी पहिली ऑनलाइन मुलाखत आठवते. जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये कडक इस्त्रीचा कुर्ता घालून मी लॅपटॉपसमोर बसले होते आणि स्क्रीनवर होत्या परदेशातल्या एक बाई. 'येस' फार शाळकरी वाटतं, तिकडं सगळे 'या' म्हणतात, असं मैत्रिणीनं बजावलं होतं, म्हणून आठवडाभर आरशासमोर मी तो एवढासा शब्द घोटला होता. बाईंनी काहीही विचारलं की मी ऐटीत "या, या" म्हणायची आणि त्या हसून मान डोलवायच्या. जमतंय, जमतंय, म्हणत मी आणखी ताठ बसले. तेवढ्यात खलबत्त्याचा आवाज थांबला आणि मोडनिंबहून आलेली आत्या तांब्याभांडं घेऊन थेट खोलीत. "कवाधरनं या या करायलीस, पावणे दारातच हायत व्हय?" मी कसंबसं स्क्रीनकडं बोट दाखवलं. आत्यानं पदर सावरला आणि कॅमेऱ्यासमोर वाकून म्हणाली, "या की सोलापूरला, चटणी-भाकरी खायला." बाईंना अक्षरही कळलं नसणार, पण त्यांचा चेहरा एकदम खुलला. "या, या!" त्या म्हणाल्या. आत्या माझ्याकडं वळली. "बग की, उलट त्याच तुला बोलवायल्यात." आज मी त्याच बाईंच्या हाताखाली काम करते, आणि मीटिंगमध्ये त्या 'या' म्हणाल्या की अजूनही मी खुर्चीतून अर्धी उठते.