हवालदार आणि तीनशे अठरावा सांधा

हवालदार. जन्म १९५५, मृत्यू २०२१. वेधशाळेच्या सेवेत १९९५ ते २०१५. कामगार क्रमांक सतरा. हजेरीपटावर त्यांचे पूर्ण नाव वडिलांच्या नावासह होते, परंतु ते वाचण्याचे कर्तव्य एकट्या माझ्याकडे असे. इतर सर्वांच्या लेखी ते हवालदार होते, कारण चोरून आत शिरणारी हवा पकडणे हा त्यांचा व्यवसाय होता. पोलीस खात्याशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. स्वभाव तेवढा चौकीवरचा होता.

हे टिपण मी त्यांच्या मुलीच्या सांगण्यावरून लिहीत आहे. "काका, तुम्ही बाबांना वीस वर्षं पाहिलंत, तुम्हीच लिहा," ती म्हणाली. पाहिले, हे खरे. ते मला आवडत होते असे मी लिहिणार नाही, आणि तिनेही ते मागितलेले नाही.

वेधशाळा म्हटले की डोळ्यांपुढे घुमट आणि दुर्बीण येते. आमच्याकडे दोन्ही नव्हते. सपाट माळावर काटकोनात निघालेल्या दोन पोलादी नळ्या होत्या. प्रत्येकीची लांबी चार किलोमीटर, जाडी माणसाच्या छातीइतकी, खाली हातभर उंच टेकू, वर सिमेंटची कमान. नळ्यांतली हवा काढून टाकलेली असे. त्या पोकळीतून प्रकाशाचा झोत टोकाच्या आरशापर्यंत जाई आणि परत येई. अतिदूर कुठे दोन मृत तारे एकमेकांवर आदळले, की त्या झोताची वाट केसाच्या अब्जांशाहूनही कमी अंतराने लांबे किंवा आखडे, आणि तेवढा फरक टिपण्यासाठी आमचे शास्त्रज्ञ टपलेले असत. वाटेत हवा आली की मोजमाप व्यर्थ. देखभालीसाठी सकाळी सहा ते नऊ एवढाच वेळ होता. नऊनंतर कमानीखाली पाऊल टाकण्यास बंदी, कारण माणसाचे चालणेदेखील त्या यंत्राला ऐकू जाई.

त्या तीन तासांत हवालदार राजे असत. लाकडी दांडक्याचे एक टोक पंपाच्या अंगावर आणि दुसरे स्वतःच्या कानावर टेकवून ते आतल्या बेअरिंगची घरघर ऐकत आणि "हा महिनाभर टिकेल, हा नाही" असे सांगत. त्यांचे सांगणे चुकल्याची एकही नोंद माझ्याकडे नाही. रोज एकेक टप्पा घेऊन नळीवरचे ग्लासवूलचे आवरण हाताने चाचपून पाहणे हेही त्यांचेच काम. आवरणाच्या उबेत उंदीर घरटी करतात, आणि न गंजणारे म्हणून घेतलेले पोलादही उंदराच्या मुताने सडते.

माझे त्यांच्याशी जे वैर होते ते वहीवरून. मी नोंदणी-विभागाचा प्रमुख होतो. फेरीच्या वहीत 'आवरण पाहिले' असा रकाना होता आणि त्यात रोजच्या रोज सही करणे अनिवार्य होते. हवालदार महिन्याच्या शेवटी येत आणि तीस घरांतून एकच लांब रेघ ओढून टोकाला सही करत.

"ही सही नव्हे, हवालदार. ही गटाराची आखणी आहे."

"अहो दप्तर, लिहिणं तुमचं, करणं माझं. मी कधी तुमच्या टाकात शाई भरायला येतो का?"

मला ते तोंडावर 'दप्तर' म्हणत. मी अकरा लेखी स्मरणपत्रे पाठवली. त्यांतली चार मला त्यांच्या चहाच्या पेल्याखाली दिसली.

आता त्यांच्या साडूंविषयी. हवालदारांच्या पत्नीची थोरली बहीण ज्यांना दिली होती, ते गृहस्थ पदविकाधारक होते. हवालदारांनीच त्यांची शिफारस करून त्यांना वेधशाळेत आणले. सहा वर्षांत ते सुपरवायझर झाले आणि शिफारस करणारा हाताखाली आला. दोघे एकाच इमारतीत समोरासमोर राहत. गच्चीवर दोघी बहिणींची कपडे वाळत घालण्याची दोरी एक होती, आणि खालच्या दोन्ही नवऱ्यांची डोकी दोन.

"आमच्या साडूभाऊंच्या हाताला यश आहे," सुपरवायझर चारचौघांत म्हणत, "फक्त हाताच्या वर काही नाही."

"आणि आमच्या साडूसाहेबांच्या डोक्यात पुस्तक आहे," हवालदार उत्तर देत, "पण ते उघडायचं कुठून, ते छापायचं राहिलंय."

२०१४ च्या जानेवारीत सुपरवायझरांनी आदेश काढला, की कमानीच्या सर्व दारांच्या किल्ल्या त्यांच्या खोलीत टांगल्या जातील आणि ज्याला हवी त्याने मागून न्यावी. आदेशात गैर काहीच नव्हते. त्याची प्रत मीच फाईलला लावली.

ऑगस्टमध्ये उजव्या नळीतला दाब हळूहळू चढू लागला. कुठून तरी हवा आत शिरत होती. अशी गळती शोधण्याची रीत सोपी आहे: नळीला शोधक यंत्र जोडायचे, बाहेरून संशयित जागेवर हेलियम वायू फवारायचा; तो आत गेला की यंत्राचा काटा हलतो. हे काम हवालदारांचे. परंतु ते तीन दिवस मुलीच्या कॉलेजप्रवेशासाठी रजेवर होते, आणि सुपरवायझरांना संचालकांपुढे मिरवण्याची घाई होती. त्यांनी स्वतः फवारणी केली. नवव्या दाराच्या आत, तीनशे अठराव्या सांध्यापाशी काटा हलला. ते तडक माझ्या टेबलाशी आले आणि मी छापील फॉर्म भरला: वेळ, दार, सांधा, काट्याचे माप. शेरा त्यांनी सांगितला आणि मी उतरवला: 'सांधा ३१८ सदोष. वेल्डिंग: कामगार १७.'

प्रत्येक सांध्याशेजारी तो जोडणाऱ्या कामगाराचा क्रमांक ठोकलेला असे. तीनशे अठरा हवालदारांनी १९९६ मध्ये जोडला होता. त्याच आठवड्यात त्यांची मुलगी जन्मली होती.

रजेवरून परतल्यावर ते सरळ माझ्या खोलीत आले. बसले नाहीत.

"फवारणी कुठून सुरू केली? वरून की खालून?"

मी फॉर्म पाहिला. "तसा रकाना नाही."

"रकाना नाही! अहो, हेलियम वर चढतो. पातेल्याची वाफ कधी जमिनीवर सांडलेली पाहिलीत? सांध्याच्या बुडाशी फवारलंत, की वायू आवरणाखालून वर सरकणार आणि वर कुठे भोक असेल तिथून आत जाणार. काटा हलणार, आणि फाशी खालच्या सांध्याला! शिकाऊ माणूस पहिल्या दिवशी करतो ही चूक."

"सुपरवायझरांची सही झाली आहे. दहा दिवसांत सांध्याभोवती पोलादी कडे बसवायचे ठरले आहे."

"म्हणजे कायमचं. गळ्यात पट्टा बांधलेल्या कुत्र्यासारखा दिसेल तो, आणि शेजारी माझा नंबर. माझ्या हाताचे एकशे बारा सांधे आहेत तिथे, दप्तर. एकातूनही श्वास जात नाही."

मी नियम सांगितला, कारण नियम होता. नोंदीवर लेखी हरकत आल्यास नोंदणी-प्रमुखाच्या समक्ष फेरतपासणी करावी. हरकत घेणाऱ्याने स्वहस्ते कारण लिहावे. मागील सहा महिन्यांच्या आपल्या नोंदी जोडाव्यात. वीस वर्षांत त्यांनी माझ्या वहीत एक शब्द लिहिला नव्हता. ते टेबलावर वाकले. मग माझाच टाक उचलला आणि कोऱ्या कागदावर लिहिले:

'सांधा चांगला आहे. भोक वर असेल, उंदराच्या घाणीने. नवव्या दाराच्या आत मी जानेवारीपासून गेलो नाही.'

मी वाचले आणि म्हणालो, "शेवटचे वाक्य हरकतीसाठी आवश्यक नाही."

"माहीत आहे."

"फेरीची वही जोडलीच पाहिजे, तिच्यात तुमची ती रेघ आहे. पण रेघेचा अर्थ तुम्ही हा असा लिहून दिलात, तर—"

"तर काय? उंदीर मला झेपतील. सांधा नाही झेपायचा."

"जानेवारीपासून का गेला नाहीत?"

"किल्ली कुणाकडे असते?"

एवढेच उत्तर. बाकीच्या दारांच्या जुन्या जादा किल्ल्या त्यांच्या पेटीत होत्या; नवव्या दाराची तेवढी नव्हती. मागावी लागली असती. साडूकडे मागण्यापेक्षा त्यांनी अडीचशे मीटर नळी सात महिने उंदरांना देऊन टाकली.

त्या आठवड्यात गच्चीवरच्या दोरीला मधोमध गाठ पडली. कोणी मारली ते दोघी बहिणींनी सांगितले नाही. गाठीच्या अलीकडचे कपडे पलीकडे जाईनासे झाले.

फेरतपासणी सकाळी सव्वासहाला सुरू झाली. यंत्राच्या काट्यापाशी मी, नळीपाशी हवालदार, दाराशी हाताची घडी घालून सुपरवायझर. हवालदारांनी आधी सांध्याभोवती प्लॅस्टिकचा कागद चहूबाजूंनी गुंडाळला, कडा चिकटपट्टीने बंद केल्या आणि आत हेलियम सोडला.

"काटा?"

"स्थिर," मी म्हणालो.

दहा मिनिटे गेली. काटा हलला नाही.

"यंत्र झोपलं असेल," सुपरवायझर म्हणाले.

"यंत्र जागं आहे, साडूसाहेब. झोपलेला माणूस फॉर्मवर सही करून बसलाय."

"हवालदार, तोंड सांभाळा. मी इथला अधिकारी आहे."

"आणि मी इथला सांधा आहे. बघा."

ते शिडीवर चढले. सांध्यापासून दीड वीत पुढे, नळीच्या माथ्यावरचे आवरण त्यांनी सुरीने कापून उचलले. असा दर्प आला की मी नाकाला रुमाल लावला. चिंध्या, कागदाचे तुकडे, लेंड्या. आणि त्याखाली तपकिरी पडलेले पोलाद. फवाऱ्याचे तोंड त्यांनी तिथे क्षणभरच धरले. काटा असा उसळला की तो टोकाच्या खुंटीवर आपटल्याचा आवाज आला.

"सहा वाजून पन्नास मिनिटे," मी मोठ्याने म्हटले आणि लिहिले.

सुपरवायझर पुढे आले. घाणीकडे पाहिले आणि मग प्रथमच हसले. "म्हणजे गळती तुमच्याच फेरीतली. सात महिन्यांची. तुमच्याच अक्षरात."

"माझीच," हवालदार शिडीवरूनच म्हणाले. "आता तुमच्या अक्षरात लिहा, की सांधा चांगला आहे."

"ते मला कुणी सांगायचं कारण नाही."

त्याच दिवशी दुपारी संचालकांपुढे सुनावणी झाली. संचालकांनी हवालदारांना विचारले, "किल्ली मागितली होती का?"

"नाही."

"मागितली असती, तर तुम्ही दिली असती?" हा प्रश्न सुपरवायझरांना.

"अर्थात दिली असती."

"दिली असती, साहेब," हवालदार म्हणाले. "आणि मग आठ दिवस जिन्यात उभं राहून सांगितलं असतं, की साडू किल्ली मागायला आला होता."

संचालकांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि कागद पुढे ओढला. कर्तव्यात कसूर झाल्याबद्दल हवालदारांना नळीच्या कामावरून काढण्यात आले. निवृत्तीला अकरा महिने राहिले होते. तेवढ्यांसाठी त्यांना भांडारात बसवले. भांडार माझ्या अखत्यारीत येत असे. सुपरवायझरांना तोंडी समज देण्यात आली. तोंडी समजेची नोंद होत नाही.

ते अकरा महिने आम्हा दोघांनाही शिक्षाच होती. नटबोल्ट मापाप्रमाणे वेगळे करून डब्यांत भरणे आणि डब्यांवर चिठ्ठ्या लावणे एवढे काम. नटबोल्ट ते एका नजरेत ओळखत. चिठ्ठी एकही लावत नसत. सकाळी सहाच्या ठोक्याला उठून खिडकीशी जात आणि कमानीच्या दिशेने मान कलती करून उभे राहत. तिथून पंप ऐकू येणे शक्य नाही. अंतर मी मोजलेले आहे. एकदा मी तसे म्हणालो.

"दप्तर, तुमच्या फॉर्मात एक रकाना असता ना," ते खिडकीतूनच म्हणाले, "तर मी आत्ता तिकडे असतो आणि तुम्ही सुखात असता."

 गळती सापडली त्या दिवशी फॉर्म भरताना 'फवारणी कुठून?' असे तोंडी विचारण्यास मला कोणत्याही नियमाची आडकाठी नव्हती. मी विचारले नाही, कारण ज्याचा सांधा दोषी ठरत होता तो माणूस माझ्या वहीत रेघा ओढणारा होता. हे इथे लिहिल्यावाचून टिपण पूर्ण होत नाही.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी पेटीतल्या जुन्या किल्ल्या माझ्या टेबलावर ओतल्या आणि पावती न घेता निघून गेले. नंतरची सहा वर्षे मला ते रस्त्यात दोनदा दिसले. दोन्ही वेळा त्यांनी रस्ता ओलांडला. फुप्फुसाच्या विकाराने ते गेले. अंत्ययात्रेला थोरली मेहुणी जिना उतरून आली आणि शेवटपर्यंत बहिणीचा हात धरून होती. साडू समोरच्या दारात उभे राहिले. उंबरा ओलांडला नाही.

जे मिटले ते असे. भोकावर तळहाताएवढा पत्रा जोडला आणि दाब उतरला. सांध्याभोवतीचे कडे रद्द झाले; तीनशे अठरा आजही उघडा आहे आणि शेजारी सतरा हा आकडा स्पष्ट वाचता येतो. फॉर्मात 'फवारणीची दिशा: वरून / खालून' हा रकाना मी निवृत्तीपूर्वी मंजूर करून घेतला.

राहिले ते असे. 'सांधा ३१८ सदोष' या नोंदीपुढे लाल शाईने दुरुस्ती मी केली आहे, परंतु नियमाप्रमाणे तिला मूळ नोंद देणाऱ्याची सही लागते. ती नसल्यामुळे कायद्याने सांधा अजून सदोषच आहे. हवालदारांच्या मृत्यूनंतर दुरुस्तीपत्राची प्रत मी सुपरवायझरांच्या घरी, सहीच्या जागी खूण करून, तीन वेळा पोचपावतीच्या टपालाने धाडली. दोनदा पाकीट न फोडता परत आले. तिसऱ्यांदा पोचपावती आली, थोरल्या मेहुणीच्या सहीची. आतला कागद अद्याप आलेला नाही.