बाबाचं अर्धं तिकीट

कंडक्टर म्हणाला, "पाय दाखव."

मी खिडकीशी बसले होते. कार्ड त्याच्या हातात होतं. त्यावर माझा फोटो, सरकारी शिक्का, सत्तर टक्के अपंग, सगळं होतं. त्यानं ते उलटंपालटं करून पाहिलं आणि मग मला पाहिलं. पंजाबी ड्रेस, वेणी, मांडीवर कॉलेजची बॅग. बसलेली मी चारचौघींसारखीच दिसते. तोच माझा गुन्हा.

"काऊन, लाजून राह्यली? लय बोगस कार्डं निघून राह्यले आजकाल."

मी तोंड उघडायच्या आत बाबाचा हात आला. माझ्या बाबानं खाली वाकून माझी सलवार गुडघ्यापर्यंत वर केली. वाळलेला पाय. सगळी गाडी माना वळवून बघायला लागली. मी एकोणीस वर्षांची होते.

समोर अपंगांसाठी राखीव लिहिलेल्या सीटवर आमच्याच गावचे एक गुरुजी बसले होते. रिटायर माणूस, पंचवीस एकर बागायत, पाय एकदम ठणठणीत. बाबा मला पाठीवर घेऊन चढला तेव्हा त्यांनी उठायचं नाव काढलं नव्हतं. ते म्हणाले, "याहीचं बरं हाये बाप्पा. एक सवलत जातीची, एक पायाची."

लोक हसले. आम्ही बौद्ध, हे त्या गाडीत कुणाला सांगायची गरज नव्हती. लोकांचं हसणं मी आयुष्यभर ऐकत आले आहे. पण त्यांच्याबरोबर बाबाही हसला. हात जोडल्यासारखा हसला. त्याचा मला इतका राग आला की मोताळा येईपर्यंत मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

ही सवलत आम्हाला कुणी येऊन सांगितली नव्हती. आमचं गाव रोहिणखेडच्या अलीकडे. मी बुलढाण्याला कॉलेजला जायचे, आठवड्यातून तीन दिवस. बाबा मला पाठीवर घेऊन गाडीत चढवायचा, उतरवायचा, वर्गात नेऊन बसवायचा आणि मग दुपारपर्यंत बाजारात हमाली बघायचा. पहिलं अख्खं वर्ष तो उसनवारी करून स्वतःचं पूर्ण तिकीट काढत होता. एकदा तो पाणी आणायला गेला असताना स्टँडच्या भिंतीवरची एक फिकट पाटी मी वाचली. कुणाकुणाला सवलत आहे त्याची यादी होती. अगदी खालच्या ओळीत होतं, पासष्ट टक्क्यांच्या वर अपंगत्व असेल तर सोबतच्या माणसाला अर्धं तिकीट. वर्षभर रोज तिकीट फाडणाऱ्या एकाही माणसाला ते सांगावंसं वाटलं नाही. आपल्या हक्काचं काय आहे ते आपणच हुडकायचं, आणि हुडकलं की चोरासारखं सिद्धही करायचं.

त्या अर्ध्या तिकिटावर माझं कॉलेज चाललं होतं. ते गेलं तर कॉलेज गेलं, इतका सरळ हिशेब होता.

कार्ड पाच वर्षांचं होतं. मुदत संपली की पुन्हा तपासणी. आणि या पाच वर्षांत एक गोष्ट घडली होती, जी आनंदाची होती आणि आम्ही ती लपवत होतो.

मी चालायला शिकले होते.

अंगणात बाबानं दोन आडवे बांबू बांधले होते, कमरेच्या उंचीवर. त्यांना धरून मी तीन वर्षं पडत होते. माय रोज संध्याकाळी तेल चोळायची आणि रोज म्हणायची, राहू दे वं, हाड मोडशीन. एक दिवस बांबू सोडून पाच पावलं पडली. मग सात. मग अकरा. आमच्या दारापासून न्हाणी बरोबर अकरा पावलांवर आहे. एकविसाव्या वर्षी मी पहिल्यांदा एकटी न्हाणीत गेले, पडदा ओढला आणि मायचा हात न लागता आंघोळ केली. बाहेर माय रडत होती. मी आत रडत होते. ज्यांना हे रोजचंच आहे त्यांना यात रडण्यासारखं काय ते कळायचं नाही.

तपासणीचं शिबिर तालुक्याच्या गावाला एका मंगल कार्यालयात होतं. सकाळी निघताना बाबा माझ्यासमोर उकिडवा बसला. माझ्या चपला घालून देता देता खाली मान घालूनच म्हणाला, "तिथं चालजो नोको, माय. आजचाच दिवस."

मी हो म्हणाले. खोटं का बोलावं, मला ते बरोबरच वाटलं होतं.

कार्यालयाच्या दारावर पुढाऱ्यांच्या फोटोंचा बॅनर. आत दोनशे तरी माणसं, कुणी फरशीवर, कुणी भिंतीला टेकून. डॉक्टर स्टेजवर बसले होते, जिथं लग्नात नवरानवरी बसतात तिथं. म्हणजे ज्यांना पाय नाहीत त्यांनी पाच पायऱ्या चढून, पाय नाहीत हे सांगायला जायचं. हे कुणाच्या डोक्यात आलं असेल, मला त्याला एकदा भेटायचं आहे.

एका म्हाताऱ्याला सगळ्यांसमोर नकली पाय काढायला लावला. एका आंधळ्या बाईसमोर कारकुनानं बोटं नाचवली आणि विचारलं, किती? ती म्हणाली, तुम्हीच सांगा. मग गाडीतले ते गुरुजी दिसले. त्यांचा मुलगा शाळेत मास्तर. त्याला गावाजवळ बदली हवी होती, म्हणून त्याला ऐकू येत नव्हतं. तो रांगेत नव्हता. पंख्याखाली खुर्चीवर बसून मोबाइलवर कुणाशी तरी बोलत होता, हळू आवाजात, हसून हसून. त्याचं नाव आमच्या आधी पुकारलं. त्याला ते लगेच ऐकू आलं.

आमचा नंबर दुपारी लागला. बाबानं मला पाठीवरून स्टेजवर नेऊन खुर्चीत ठेवलं. डॉक्टर तरुण होता, दमलेला. त्यानं माझ्याकडे न बघता बाबाला विचारलं, "उभी राहते का?"

बाबानं हात जोडले. "नाही जी साहेब. काईच येत नाही तिले. मासाचा गोळाच हाये."

माझ्या बाबानं. ज्यानं बांबू बांधले होते, त्यानं. पाचवं पाऊल पडलं त्या दिवशी ज्यानं अख्ख्या वस्तीला चहा पाजला होता, त्यानं. तो हे माझ्या कॉलेजासाठीच बोलत होता, हे मला त्याही क्षणी कळत होतं. कळूनही सहन झालं नाही. वाटलं, मी आता गप्प बसले तर हेच खरं होईल. कागदावर लिहिलं जाईल, आणि पाच वर्षांनी पुन्हा इथं येऊन मी याहून मोठा गोळा व्हायचं. दर पाच वर्षांनी थोडं थोडं मरून दाखवायचं.

मी म्हणाले, "मी चालते."

बाबानं माझा दंड धरला. मी तो सोडवला. टेबलाची कड धरून उठले. उभी राहायला बराच वेळ लागला. खालून कुणीतरी हसलं, मग गप्प झालं. मी टेबल सोडलं आणि त्या लग्नाच्या स्टेजवर सहा पावलं चालले. सातव्याला पडले. डाव्या कोपरावर. अजून तिथं वण आहे.

डॉक्टरनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "चालते की छान. मग सोबत माणूस कशाला लागतो?"

मी फरशीवरूनच म्हणाले, "साहेब, गाडीच्या पायऱ्या मला चढता येत नाहीत."

तो म्हणाला, "ते आमच्या फॉर्ममध्ये नाही."

त्यानं पंचावन्न टक्के लिहिले. खोटं बोललो असतो तर सत्तर मिळाले असते. तीन वर्षं पडून पडून मिळवलेल्या पावलांची मला पंधरा टक्के शिक्षा झाली.

परतीच्या गाडीत बाबानं पूर्ण तिकीट काढलं. घरी आल्यावर मायला काही सांगितलं नाही. भाकर समोर घेऊन बसला, खाल्ली नाही. मग एवढंच म्हणाला, "तू चालली नसती तं बरं झालं असतं."

बापानं मुलीला असं म्हणावं, यापेक्षा वाईट त्या लोकांनी आमचं काय करायचं राहिलं? तीन दिवसांचं कॉलेज एका दिवसावर आलं. मग सत्र संपलं आणि तेही थांबलं. रात्री जाग आली की अजून वाटतं, सहा पावलांसाठी पदवी घालवली, शहाणपणा केला की माज केला? मला खरंच माहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनी एक दिवस माझ्या बाबाच्या पाठीवर बसून बघावं.

फेरतपासणीचा अर्ज करता येतो, हेही मीच हुडकलं. कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारा एक माणूस बसतो. त्यानं लिहिलं, मी एक असहाय, गरीब, अपंग मुलगी असून आपण मायबाप आहात. म्हणाला, दया येईल असंच लिहावं लागते ताई, नाहीतर कागद पुढं सरकत नाही. मी तो कागद फाडला. कोरा कागद मागितला आणि स्वतः लिहिलं. मी अकरा पावलं चालते. बाराव्याला पडते. बसमध्ये मला एकटीला चढता येत नाही. म्हणून सोबतच्या माणसाची सवलत मला द्यावी लागेल. विनंती हा शब्द मी लिहिला नाही.

बाबानं तो माझ्याकडून वाचून घेतला. म्हणाला, "अन् असं लिहून नाही भेटली तं?"

"नाही तं नाही. पन बाबा, तिथं आता तुमी बोलजा नोको. मीच बोलीन."

अर्ज देऊन चार महिने झाले. उत्तर नाही. बांबू सोडून मी आता तेरा पावलं चालते आणि हे मी कुणापासून लपवत नाही. बोलावलं की मी जाणार आहे. त्या स्टेजवर पुन्हा चालणार आहे, पडेपर्यंत. आणि पडले की उठायच्या आधी तिथूनच सांगणार आहे, आता गाडीची पायरी आणा इथं, आणि मोजा माझे टक्के.