उजव्या बाजूची नवी खाट

अक्का गेल्याचा फोन पुण्यात आमच्या खालच्या मजल्यावर आला. आमचा स्वतःचा फोन अजून यायचा होता. नंबर लावून दोन वर्षं झाली होती. अम्मा तंजावूरच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी नव्याने झालेल्या एसटीडी बूथमधून बोलत होती. "सुमी, अक्का गेली गं. अत्ता सकाळी. तू रडू नको, बाळाला पाजायचंय तुला." वर आले तर नवऱ्याने विचारलं, कशाने गेली? मी म्हटलं, माहीत नाही. ते खरं होतं, आणि त्याचीच मला आज सात आठवड्यांनी सगळ्यात जास्त लाज वाटते.

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत ती ओट्यावर मुलांच्या शिकवण्या घ्यायची. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. एका उन्हाळ्यात खोकला धरला, ताप हटेना, आणि डॉक्टरांनी क्षय सांगितला. वेगळी खोली, वेगळं ताट, रोजच्या गोळ्या. परसाकडची खोली तिला दिली. त्याच सुमाराला मला पुण्याचं स्थळ सांगून आलं. घरात क्षय आहे म्हटल्यावर कोण पुढे येणार? अम्माने गल्लीत सांगून टाकलं की थोरली ओरत्तनाडुला मावशीकडे राहायला गेली. थाप तशी साधीच होती. पण त्या दिवसापासून अक्काला ओट्यावर येता येईना, विहिरीवर मोठ्याने खोकता येईना. माझ्या लग्नात ती नव्हती. पाठवणीच्या आधी मी परसात गेले, तर तिने खिडकीच्या गजांतून हात काढून माझी वेणी सारखी केली आणि म्हणाली, "जा आता. तिकडे मराठी नीट बोल, आपलं ऐकून हसतील."

सहा-आठ महिन्यांत ती बरी झाली, डॉक्टरांनीच तसं सांगितलं. पण ओरत्तनाडुहून आलेली मुलगी अशी हाडं निघालेली कशी, हे गल्लीला काय सांगायचं? अम्मा म्हणायची, जरा अंगावर मांस चढू दे. मग पुढच्या सणाला बघू. मग सुमीला एक मूल होऊ दे. असं करत तीन वर्षं ती त्या खोलीतच राहिली, आणि आम्ही सगळ्यांनी ते चालवून घेतलं. मी पण.

त्या तीन वर्षांत तिने मला पत्रं लिहिली. मी तिच्या पत्रात दुःख शोधायचे, आणि तिथे भलतंच काही असायचं. खारीने घासणीचा काथ्या पळवून नेला. शेवग्यावर केसाळ सुरवंट चढले, अम्मा पलिता घेऊन जाळायला निघाली, तर अक्काने तिला आठ दिवस थांबवलं. तांदूळ निवडायचं काम तिच्याकडे होतं. निवडताना निघालेला साळीचा एक दाणा मोरीच्या पाण्याकडेला पडला आणि रुजला. त्याला ती रोज न्याहाळायची. गल्लीबाहेर पडलं की पापनाशमपर्यंत दोन्ही अंगांना भातशेतीच आहे, आणि आमच्या अक्काचं शेत एका रोपाचं. लोंबी धरली तेव्हा तिने दाणे मोजून कळवले, त्रेसष्ट. पुढच्या खोलीत केबल आलं, तर भिंतीतून ऐकू येणाऱ्या गाण्यांवरून किती वाजले हे तिला कळायचं. "माझी करमणूक मोठी आहे, तू काळजी करू नको," असं लिहायची. मी काळजी करत नव्हतेच. तिची पत्रं इतकी गोड असायची की करायची गरजच वाटत नसे... आणि मला ते सोयीचं होतं.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे लिहायला बसले. आमच्याकडे मराठी बोलतात, पण देवनागरी थोड्यांनाच येते. शाळा तमिळ, म्हणून आम्ही मराठी तमिळ अक्षरांत लिहितो. तमिळमध्ये क, ख, ग, घ या चौघांना एकच अक्षर. ट, ठ, ड, ढ यांनाही एकच, आणि प, फ, ब, भ यांनाही. ताईचं बोट दुखतंय की पोट, हे पुढच्या वाक्यावरून ठरवायचं. लहानपणी आम्ही यावरून पोट धरून हसलो आहोत. तर मला पाचवा महिना असताना अक्काचं पत्र आलं. खारीचं, शेवग्याचं सगळं लिहून झाल्यावर शेवटी दोन ओळी होत्या: "उजव्या बाजूला नवी गाठ आली आहे. झोपायची सवय करायला हवी." मी ते "नवी खाट" असं वाचलं. गाठ आणि खाट, आमच्या लिपीत दोन्ही अगदी सारखं दिसतं. मला बरं वाटलं. तिची ती खाट जुनी, मधे खोलगट झालेली. अम्माला शेवटी सुचलं म्हणायचं. मी उलट टपाली लिहिलं, "छान झालं. खिडकीशी ओढून घे, म्हणजे पडल्या पडल्या शेवगा दिसेल. दोन दिवसांत सवय होते."

तिचं उत्तर यायला तीन आठवडे लागले. "तू सांगितलंस तसं केलं. शेवग्याला फुलं आलीत." गाठीचा शब्द नाही. त्यानंतरच्या एकाही पत्रात नाही. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तान्ह्या बाळाला त्या घरात नको म्हणून अम्मानेच टाळलं. मीही हट्ट केला नाही. गेले असते तर दिसलं असतं.

तंजावूरला पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. अम्मा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून सांगत होती. "छातीत गाठ होती. उजवीकडे. जखम झाली तवा दाखवली मला. डॉक्टर मणाला, अत्ता कसाला आणलात."

"तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं?"

"मी तेच विचारलं. मणाली, सुमीला लिहिलं होतं. मग सुमी काय मणाली, मणून विचारलं तर हसायला लागली. मणे, खाट खिडकीशी ओढ मणाली." अम्माने पदराने नाक पुसलं. "मला काय कळलं नाही बघ. तुमचं काय असेल ते."

मी अम्माला सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही. अक्काला माझी चूक तेव्हाच कळली होती. एक ओळ लिहिली असती तरी मी धावले असते. का नाही लिहिली? पोटुशी बहीण घाबरेल म्हणून? की असली गोष्ट बाईमाणसाला एकदाच सांगता येते, आणि ऐकणारीने ती खाट समजावी, म्हणजे मग दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही? मला तिचा राग येतो. मग स्वतःचा येतो, आणि तो काही केल्या जात नाही.

मग मी परसाकडच्या खोलीत गेले. खाट तीच, जुनी, खोलगट. पण ती भिंतीकडे नव्हती, खिडकीशी होती. लाल फरशीवर भिंतीपासून खिडकीपर्यंत चार पायांचे ओरखडे उमटलेले. ते सलग नव्हते. वीतभर ओढलेले, मग थांबलेले, मग पुन्हा वीतभर. एवढी जड खाट, आणि उजवा हात तेव्हा किती चालत होता कोण जाणे. कोणाला हाक मारलेली नव्हती. बाळाला अम्माकडे देऊन मी त्या खाटेवर पडून पाहिलं. मी लिहिलं होतं ते खरं होतं. पडल्या पडल्या सगळा शेवगा दिसतो.