पाणी धरतं, असं मीच सांगितलं होतं

लहान मुलाच्या मनातली पाण्याची भीती किती घालवावी आणि किती राहू द्यावी? मला खरंच सांगता येत नाही.

मळवलीत माझे अब्बा एका बंगल्याची देखभाल करतात. मालकांच्या परवानगीने, पाहुणे नसतील तेव्हा, मी तिथल्या स्विमिंग पूलमध्ये भावाच्या मुलीला पोहायला शिकवते. सानिया पहिलीत आहे. सुरुवातीला ती पायरी सोडायची नाही. मी रोज सांगायचे, "अंग सैल सोड, पाणी आपल्याला धरतं." आज सकाळी ती पहिल्यांदा एकटी तरंगली. मी घरभर सांगत सुटले.

दुपारी ती कुठे दिसेना. भातखाचरांपलीकडच्या ओढ्याला गढूळ पाणी चढलं होतं. काठावर तिच्या चपला जोडीने ठेवलेल्या होत्या, पूलपाशी ठेवते तशाच. ती गुडघाभर पाण्यात उभी होती. मी दंडाला धरून तिला बाहेर ओढलं.

"सोड ना फुप्पी. हितलं पाणी पण धरतं की."

घरी भाभी एवढंच म्हणाली, "लय धीट केलीस तिला."

मग मी सानियाला पुन्हा ओढ्यावर नेलं. रस्त्यावर उभं राहून तिच्या उंचीचं एक वाळकं लाकूड पाण्यात टाकलं. ते रस्त्याखालच्या मोरीत शिरलं. आम्ही दुसऱ्या बाजूला जाऊन थांबलो.

"कधी येणार ते?" तिने विचारलं.

बराच वेळ झाला, तरी ते आलं नाही. तिने माझा हात घट्ट धरला.

"भिऊ नकोस" असं मी आज म्हणाले नाही.