डब्यावरचा ‘ब’

आमच्या बाबांच्या हातात कुणीही कसलीही भेट दिली की ते आधी ती उलटी करायचे. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत असं म्हणतात. बाबा दात मोजायचेच, शिवाय ही गाय मूळची कुणाची, तिने आजवर किती गोठे बदलले आणि नेमकी आमच्याच दारात का आणून बांधली, याचीही चौकशी करायचे. मी पहिल्या पगारात त्यांना शर्टाचं कापड आणलं, तर त्यांनी ते उजेडात धरून विचारलं, “बाय, ह्या सेलातला काय?” सेलातलंच होतं.

बाबा म्हणजे तुळशीदास घाडी, काळाचौकी, दुसरा मजला, खोली नंबर चौदा. बावीस वर्षं ते मिलच्या साचेखात्यात मागांवर होते. संपानंतर मिल गेली आणि ते लालबागच्या एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर स्टूल टाकून बसू लागले. काम काय, तर भांड्यांवर नावं घालायची. आधी छिन्नी-हातोडीने टिंबाटिंबांची अक्षरं ठोकायचे, नंतर विजेचं मशीन आलं. ‘चि. सौ. कां. अमुक हिस तमुक यांजकडून सप्रेम भेट.’ पंचवीस वर्षं त्यांनी हेच लिहिलं आणि त्यातल्या ‘सप्रेम’ या शब्दावर त्यांचा कधीही विश्वास बसला नाही.

त्याला कारणं होती. पेल्याएवढी भेट देणारा माणूस स्वतःचं नाव मात्र हंड्यावर मावेल एवढं घालून मागायचा. काहीजण जुनं भांडं पिशवीत लपवून आणायचे आणि हळूच विचारायचे, आधीचं नाव पुसून मिळेल का? “पुसून मिळत नाय,” बाबा मुद्दाम अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं सांगायचे. लालबाग-परळमधलं प्रत्येक पातेलं कमीत कमी तीन लग्नं जेवलेलं आहे असं त्यांचं मत होतं. नाव वाचून कुणाच्या हातचं ते सांगायचे. हा दादरच्या म्हाताऱ्याचा हात, हा गिरगावातला, त्याचा ‘र’ लंगडतो. आणि नावांचा काय भरवसा, असंही म्हणायचे. लग्नात नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहितो आणि बाईच बदलते, तिथं भांड्याचं काय.

आताच्या भेटींवर तर नावच नसतं. मी दादरच्या ज्या ऑफिसात आहे तिथं दिवाळीला खोके येतात. चकचकीत कागद, वर फीत, आत प्लास्टिकच्या वाटीत मोजून अकरा काजू. आमच्या कांदिवलीच्या टॉवरमध्ये ते वॉचमनच्या टेबलावर थप्पीने पडतात आणि लिफ्टमधून एका घरातून दुसऱ्या घरात जातात. खाण्याच्या वस्तूने एवढा प्रवास करू नये. चाळीत फराळाची ताटं विणलेल्या रुमालाखाली यायची, कुणाची करंजी फुटते आणि कुणाच्या लाडवात बेदाणा नसतो ते सगळ्यांना माहीत असायचं, आणि ताट परत करताना रिकामं द्यायचं नाही म्हणून त्यात निदान मूठभर साखर पडायची. एका दिवाळीत मी बाबांना ऑफिसात मिळालेली वासाची मेणबत्ती नेऊन दिली. त्यांनी ती उलटी केली, हुंगली, आणि म्हणाले, “म्हणजे आमच्या घरात वास येता म्हणतत काय ते?”

पण हा संशय जन्मजात नव्हता. तो त्यांना ब्याऐंशी सालच्या दिवाळीत लागला, आणि एका डब्यामुळे लागला.

संपाला दहा महिने होत आले होते. मी नऊ वर्षांची होते. चाळीत त्या वर्षी ताटं फिरली नाहीत, कारण कुणाकडे फिरवण्यासारखं काही नव्हतं. नरकचतुर्दशीच्या सकाळी बाबा मोर्च्याच्या बैठकीहून आले तेव्हा आमच्या दाराशी स्टीलचा एक डबा होता. आत चकल्या, शंकरपाळे आणि वर कागदात गुंडाळलेले सहा लाडू.

“हो डबो खयसून इलो?” बाबांनी आईला विचारलं.

“दारात होतो.”

“कोणी ठेवल्यान?”

“माका काय म्हायत,” आई म्हणाली आणि चुलीकडे वळली.

बाबांनी डबा उलटा केला, मग झाकण उलटं केलं. झाकणावर नाव घातलेलं होतं, पण ते कुणीतरी खिळ्याने खरवडून काढलं होतं. फक्त पहिलं अक्षर शिल्लक होतं, त्याला खाली उकार होता की नाही तेही ओरखड्यांत कळत नव्हतं. ‘ब’.

आमच्या मजल्यावर ‘ब’ एकच होता. शेवटच्या खोलीतले बुधाजीकाका. ते आणि बाबा एकाच दिवशी मिलमध्ये लागले, एकमेकांच्या शेजारच्या मागांवर उभे राहिले, एका डब्यात जेवले. मी काकांच्या खांद्यावर बसून गणपती पाहिले आहेत. दिवाळीच्या महिनाभर आधी बुधाजीकाका संप मोडून कामावर गेले होते. बाबा संतापले होते, पण त्याचं पोट त्याला ठाऊक असंही म्हणाले होते. डबा पाहिल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला. कामावर गेला तो गेला, वर माझ्या दारात भीक ठेवतो, आणि नाव खरवडून ठेवतो. त्यांनी सगळ्या चाळीला विचारलं. तळमजल्यापासून वरपर्यंत प्रत्येक दार ठोठावलं. कुणीही काही पाहिलं नव्हतं, आणि त्यामुळे त्यांची खात्रीच झाली. बुधाजीकाकांना तेवढं त्यांनी विचारलं नाही. त्या दिवसापासून ते त्यांच्याशी बोललेच नाहीत.

फराळ आम्ही मुलांनी खाल्ला. बाबांनी आपण शिवणार नाही म्हणून सांगितलं, पण मी माझ्या डोळ्यांनी त्यांना दाराआड एक चकली मोडताना पाहिलं आहे. डबा त्यांनी वर्तमानपत्रात बांधून माळ्यावर टाकला. “पुरावो असा तो,” म्हणाले.

पुढं नावं घालण्याचा धंदा शिकल्यावर त्यांनी तो पुरावा दर दोन-चार वर्षांनी खाली काढून तपासला. ‘ब’च्या पोटातली रेघ उलटी तिरपी होती. असा ‘ब’ घालणारा कारागीर त्यांना अख्ख्या मुंबईत सापडेना. “हो हात मुंबयतलो न्हय,” ते म्हणायचे. बुधाजीकाकांचं गाव मालवणकडचं, तेव्हा हेही जुळलं. संशयाला काय, काहीही जुळतं. आमचंही गाव तिकडचंच, आईचं माहेर तर कुडाळ, पण ते कुणाच्या लक्षात येतं?

आणि दर दिवाळीला एक वाक्य ठरलेलं. आई चकल्या तळून ताटलीत ठेवायची. बाबा एक मोडायचे, डोळे मिटून चावायचे आणि म्हणायचे, “बरी झाली हा. पण त्या डब्यातली ती काय येगळीच. फितूर खरो, पण बायलेच्या हाताक चव होती.” आई झाऱ्यावरचं तेल निथळवत राहायची. मला आईचा राग यायचा. वाटायचं, एकदा तरी म्हणावं, मग जा त्यांच्याकडेच खायला.

एकतीस वर्षं हे चाललं. दोन माणसं एका मजल्यावर राहत होती, एका नळावर उभी राहत होती आणि बोलत नव्हती. काकांची बायको गेली तेव्हा बाबा खांदा द्यायला गेले, पण काकांच्या समोर उभे राहिले नाहीत. घरी आल्यावर दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांना मित्र हवा होता हे आंधळ्यालाही दिसत होतं. पण त्यांनी एकदा माळ्यावर टाकलेली गोष्ट ते खाली काढत ती फक्त तपासायला.

दोन हजार तेराच्या दिवाळीत मी माहेरी होते. पाडव्याच्या सकाळी दारात काठी वाजली. बुधाजीकाका. अंगात धुतलेला सदरा, बगलेत फीत बांधलेला एक चकचकीत खोका. मला वाटलं, बाबा दार लावून घेतील.

“तुळशा,” काका उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, “दिवाळी झाली की पोरगो माका बदलापुराक नेता. खोली दिलंय सोडून. म्हटलां, जाऊच्या आदी तुका भेटूया.” आणि त्यांनी खोका पुढे केला.

बाबांनी खोक्याला हात लावला नाही. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस स्टुलावर चढला, माळ्यावरून वर्तमानपत्राचं गाठोडं काढलं, सोडलं आणि डबा काकांच्या पुढ्यात ठेवला. “आदी हो तुझो डबो घेऊन जा. मगे तुझी भेट.”

काकांनी डबा हातात घेतला, झाकण चष्म्याजवळ नेलं. “माझो न्हय रे हो.”

“नाव खरवडलंस तरी ‘ब’ रवलो हा.”

“अरे, त्या वर्षी माझ्या घरात कढय चडाक नाय. संप मोडलंय म्हणान बायल माझ्याशी म्हयनोभर बोलणा नाय होती. तुका फराळ खयसून धाडू?” काका खोटं बोलत नव्हते. म्हातारा माणूस घर सोडायच्या आधी एका डब्यासाठी कशाला खोटं बोलेल?

“मगे हो ‘ब’ कोणाचो?” बाबा म्हणाले.

“माझो,” आई म्हणाली. ती स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी होती, हाताला चकलीचं पीठ होतं.

आमच्या आईचं नाव दमयंती. चाळीत, रेशनकार्डावर, माझ्या शाळेच्या दाखल्यावर दमयंती. पण ते बाबांनी लग्नात तांदळात लिहिलेलं नाव. त्याआधी कुडाळला ती अठरा वर्षं बकुळा होती. आम्हाला सगळ्यांना ते माहीत होतं, मामा अजून तिला बकू म्हणतो, आणि तरी ते नाव कुणाला आठवलं नव्हतं.

“कुडाळच्या बाजारात नाव घातलेलां,” आई सांगू लागली. “आवशीन माका लग्नाआदी घेतलेलो डबो, ट्रंकेच्या तळाक पडान होतो, तुमी कदी बगूक नाय. त्या वर्षी माटुंग्याक एका घरात फराळाची ऑर्डर होती. म्हयनोभर थय चकल्ये पाडलंय. शेवटच्या दिवशी त्या बायन डबो भरून दिल्यान.”

“तू तर युनियनच्या धान्याच्या लायनीत जात होतंस,” बाबा म्हणाले.

“तुमी म्हणालेलात, घाड्याची बायको दुसऱ्याच्या चुलीफुडे बसाची नाय. मी केलंय म्हणान सांगलां असतां तर डबो गॅलरीतसून खाली गेलो असतो, पोरांच्या तोंडासकट. म्हणान दारात ठेवलंय. नाव खरवडीत होतंय, तितक्यात तुमचे चपले जिन्यात वाजले. ‘ब’ रवलो.”

“मगे इतकी वर्सां...” बाबा म्हणाले.

“तुमी आख्ख्या चाळीक इचारल्यात,” आई म्हणाली. “माका परत कदी इचारल्यात? आनि दर दिवाळेक त्या चकलेची तारीफ ऐकत होतंय. म्हटलां, कोणाच्या तरी नावान होता ना, होवंदे.”

बुधाजीकाका जमिनीकडे बघत होते. मला आईचा अभिमान वाटला आणि तिचा रागही आला. तिच्या या गप्प बसण्याने दोन म्हाताऱ्यांची एकतीस वर्षं गेली होती. तिलाही ते कळत होतं, कारण ती काकांना म्हणाली, “भावजी, माझा चुकला. रोज म्हणा होतंय, उद्या सांगतंय.”

बाबांनी झाकण हातात घेतलं. ‘ब’वरून अंगठा फिरवला. इतकी वर्षं ज्या कारागिराला ते शोधत होते त्याच्याबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही. त्यांना लाज वाटत होती, आणि ती लपवण्याइतकी जागा त्या खोलीत नव्हती. मग ते काकांना म्हणाले, “भायर कित्याक उबो? बस रे.” काकांच्या हातून त्यांनी तो चकचकीत खोका घेतला, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच, उलटा न करता, त्याची फीत सोडली. आत बदाम होते. तिघा म्हाताऱ्यांनी ते खाल्ले. बाबांनी चकलीही मोडली, आणि या वेळी काहीच म्हणाले नाहीत.

रिकामा खोका आवरताना मी तो सवयीने उलटा केला. बापाचाच हात. तळाला चिठ्ठी चिकटवलेली होती. कुठल्याशा पतपेढीने तो खोका बदलापूरच्या कुणा भलत्याच माणसाला पाठवला होता, ‘सप्रेम’. मी अंगठ्याचं नख लावून ते नाव खरवडायला घेतलं.

“काय करतंस गो थय?” बाबांनी विचारलं.

“काय नाय,” मी म्हटलं. “किंमत बघतंय.”